जात निश्चिती प्रयोगशाळा

सगळ्या पाट्या मराठीतच पाहिजेत, असं पत्र कॉलेजला आलं तेव्हा मला पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर काढायला वेळ नव्हता. "तुम्हीच बघा काय ते," असं हेडक्लार्कना सांगून मी मोकळी झाले. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण अवघ्या चार शब्दांत केलेली ही एकच.

आमची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्या. तिचं एक दार आत, एक थेट रस्त्यावर. मातीतले जंतू आणायचे, त्यांचा सगळाच्या सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचायचा, आणि दिसायला, वागायला एकसारखे असणारे जंतू खरोखर एका जातीचे की वेगवेगळ्या हे ठरवायचं, हे आमचं काम. मराठी पाठ्यपुस्तकात स्पीशीजला 'जाती' म्हणतात. हेडक्लार्क पापभीरू माणूस. ते शब्दकोश उघडून बसले आणि त्यांनी अगदी बिनचूक भाषांतर केलं: 'जाती निश्चिती प्रयोगशाळा'. पुढे फ्लेक्सवाल्यानं 'जाती'ची वेलांटी खाल्ली. वर स्वतःच्या मनानं एका कोपऱ्यात गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक हसरी, गोरी बाई टाकली. दुसऱ्या कोपऱ्यात गुलाब टाकला. रस्त्यावरच्या दारावर सहा फुटांचा फ्लेक्स लागला: 'जात निश्चिती प्रयोगशाळा'. खाली बारीक अक्षरांत, 'वेळ सकाळी १० ते ५'.

मी तो पाहिला आणि हेडक्लार्कच्या टेबलावर जाऊन उभी राहिले. त्यांनी शांतपणे ड्रॉवर उघडून मला एक नवाकोरा गोल शिक्का दाखवला. त्यावरही तेच. "पाटी आणि शिक्का जुळायला पाहिजे मॅडम, ऑडिटला प्रश्न नको," ते म्हणाले. नवीन फ्लेक्ससाठी परत अर्ज, परत तीन कोटेशनं. तोवर हाच राहील, असं ठरलं. मी रागानं काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली.

ॲडमिशनचे दिवस जवळ आलेले. जातीचे दाखले आणि पडताळणी यांच्या मागे सगळं शहर आणि आजूबाजूचे तालुके फिरत होते. प्लॅस्टिकच्या फायली, आजोबांच्या शाळेचे दाखले, पिवळ्या पडलेल्या नोंदींच्या झेरॉक्स घेऊन लोक आमच्या दारात. कुणीतरी एस.टी. स्टँडवर सांगितलं होतं म्हणे, की आता रक्तावरून जात कळायची मशीन सोलापुरात आली, कागद लागत नाहीत. अक्कलकोटहून एक गृहस्थ शर्टाची बाही वर करूनच आत आले. एका बाईंना होणाऱ्या जावयाची तपासणी गुपचूप करून पाहिजे होती. पुरावा म्हणून त्यांनी त्याचा कंगवा आणला होता. एक रिटायर्ड गुरुजी रोज येऊन सगळ्यांना रांगेत बसवायचे आणि या शास्त्राची माहिती द्यायचे. त्यांना ती कुठून मिळाली हे मला आजवर कळलेलं नाही.

मी चिडत होते, पण खरं सांगायचं तर त्या चिडण्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. आमच्या घरात 'जात' हा शब्द फार कमी वापरला जायचा. आमचे अण्णा पोस्टात सॉर्टिंगला होते. पत्र कुठल्या गावचं, कुठल्या पेटाऱ्यात टाकायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. मी जंतूंचं तेच करते. आम्हा बापलेकींना वर्गवारीचं काही वाटत नाही. पण माणसाला विचारलेल्या त्या एका प्रश्नानं अण्णांचा चेहरा कसा होतो हे मी लहानपणापासून पाहिलंय, आणि आता तोच शब्द सहा फुटांच्या फ्लेक्सवर माझ्या डोक्यावर टांगलेला होता. घरी सांगितलं तेव्हा अण्णा आधी हसले. मग म्हणाले, "आयुष्यभर ज्याच्यापासून पळालो, त्याचंच दुकान टाकलंस की गं."

एका सकाळी माझा तोल सुटला. दारात वीस-बावीस माणसं, गुरुजींचं भाषण चालू, आणि आत जायला वाट नाही. मी पायरीवर उभी राहून ओरडले, "इथं माणसांची जात तपासत नाहीत! इथं फक्त जंतूंची जात तपासतात! जंतूंची! कळलं? ज्यांना जंतूंची तपासायची असेल त्यांनी थांबा, बाकीच्यांनी घरी जा!"

 मग रांगेच्या अगदी शेवटून, भिंतीला टेकून बसलेला एक माणूस उठला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात मुलांना शाळेत देतात तसला कार्टूनचा थर्मास.

"मग माजं त्येच हाय की, मॅडम," तो म्हणाला.

तो मेंढपाळ होता. वळसंगच्या पुढे, मैंदर्गीच्या बाजूला असलेल्या एका गावाचा. गावाचं नाव मी लिहीत नाही. तो तीन दिवस आमच्या दारात येत होता. पहिल्या दिवशी वॉचमननं त्याच्या हातातला कागद वाचला. कागद गुरांच्या डॉक्टरांचा होता आणि त्यावर शुद्ध सरकारी मराठीत लिहिलं होतं: 'सोबतच्या नमुन्याची जात निश्चित करून मिळणेबाबत.' वॉचमननं 'जात' एवढंच वाचलं आणि मोठ्या आस्थेनं त्याला पडताळणीच्या सरकारी ऑफिसचा पत्ता दिला. तो तिथं गेला. तिथल्या माणसानं कागद शेवटपर्यंत वाचला, थर्मास उघडला नाही, आणि 'हे कॉलेजचं आहे' म्हणून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला रांगेत नंबर दिला. तो नंबर यायच्या आधी पाच वाजले. थर्मासमधला बर्फ वितळत होता, तर हा बाबा दोन्ही दिवस नाक्यावरच्या रसवंतीतून बर्फ मागून आणून भरत होता.

"तुम्ही आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"सगळीच जातीचं बोलत हुती. मला वाटलं, हितं असंच असतंय."

मी त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं. त्याची गोष्ट थोडी होती. ज्वारी निघालेल्या एका रानात त्याची मेंढरं चरत होती. अवकाळी पावसानं धसकटांना कोवळे कोंब फुटलेले. सकाळी चरायला सोडली आणि दुपारच्या आत पाच मेंढ्या पटापट आडव्या झाल्या. पोटं फुगलेली, एकीच्या नाकातून रक्त. डॉक्टर आले, म्हणाले, "फाशी असू शकते." गुरांच्या या रोगाला, अँथ्रॅक्सला, आमच्याकडे फाशीच म्हणतात. झटक्यात जनावर मारतो, माणसाला होतो, आणि जमिनीत वर्षानुवर्षं दबा धरून राहतो. मेंढ्या चुना टाकून खोल पुरल्या. रक्त तपासायला गेलं.

पण गावात बातमी पोचली ती "मेंढपाळाच्या रानात पाच जणांना फाशी" अशी. पोलीस पाटलानं ठाण्याला फोन केला. जीप आली. हवालदारानं रानातलं एकुलतं एक लिंबाचं झाड खालून वरपर्यंत बघितलं. मग त्याला मेंढ्या पुरलेली जागा दाखवली.

"त्यो म्हनला, गळफास कुटं हाय? म्या म्हनलं, साहेब, रगतात हाय," मेंढपाळ म्हणाला. तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतंच. सरकारी तपासणीचा कागद आला, त्यात म्हटलं होतं की जंतू फाशीच्या गटातला दिसतोय, नक्की कोणता ते पुढे तपासावं. त्या जंतूला मारून त्यातला नुसता डीएनए काढलेली कुपी म्हणजे थर्मासमधला तो नमुना. आणि उत्तर येईपर्यंत गावानं ठरवलं, की याची उरलेली साठ मेंढरं हौदावर यायची नाहीत. मग ठरवलं, की बायकोनंही हापशावर यायचं नाही. शेतात खतासाठी मेंढरं बसवायला आधी लोक मागे लागायचे, ते बंद. वाटेनं जायला बंदी. दिवसातून एकदा कुणीतरी बांधावर येतो, पाइप धरतो.

"लांबनं वततात," तो म्हणाला. "बायकू कळशी ठिवती आन् मागं सरती. मंग ते वततात."

माझा पेन थांबला. हेच शब्द, याच क्रमानं, मी अण्णांच्या तोंडून ऐकले होते. त्यांची आई गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणाला तरी दया येईपर्यंत. कळशी ठेवायची आणि मागे सरायची. मी माझ्या आजीला पाहिलेलं नाही. तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक आहे.

"किती दिवसांत सांगाल?" त्यानं विचारलं. "कडक ऊन हाय. मेंढरं टिकायची न्हाईत."

"परवा," मी म्हटलं, आणि माझ्याच तोंडून गेलेल्या त्या शब्दाला मी घाबरले.

आता हे जंतू प्रकरण थोडं सांगितलं पाहिजे. या गटात तीन मुख्य मंडळी आहेत. एक शिळ्या भातात वाढतो आणि पोट बिघडवतो; एरवी मातीत सुखानं राहतो. दुसरा म्हणजे शेतकरी अळ्या मारायला फवारतात तो, त्याचं नाव कापसाच्या बियाण्याच्या पिशवीमुळे सगळ्यांना पाठ आहे. तिसरा फाशी. आमच्या शास्त्राचा नियम असा, की दोन जंतूंची सगळी अक्षरं शेजारी शेजारी ठेवायची. शंभरातली साधारण पंच्याण्णव जुळली तर जात एक. हे तिघे त्या नियमावर घासून बघितले तर जवळजवळ एकच जात भरतात. तरी नावं तीन. का? तर एक मारतो, म्हणून त्याचं नाव वेगळं ठेवलं, ते राहिलं. मोठमोठे शास्त्रज्ञ यावर भांडतात. नियम म्हणतो एक, रजिस्टर म्हणतं तीन. मी हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले आणि यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमचं वाचनयंत्र हातात मावेल एवढं आहे, लॅपटॉपला जोडायचं. त्याला सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही. एसी बंद पडलेला, दुरुस्तीचा अर्ज हेडक्लार्ककडे. मला वाटलं ते परत कोटेशनं काढतील, पण त्यांनी मेंढपाळाकडे एकदा बघितलं आणि स्टाफरूमच्या कपाटातून पाहुण्यांच्या सत्कारासाठी ठेवलेल्या दोन नव्या चादरी काढल्या. टॅगसकट ओल्या केल्या, खिडकीला टांगल्या, मागे टेबलफॅन लावला. वॉचमनला अपराधी वाटत होतं, म्हणून तो दर अर्ध्या तासानं चादरींवर पाणी मारायचा. त्या आठवड्यात निवृत्त होणाऱ्या सरांना नुसतंच श्रीफळ मिळालं. बाहेर गुरुजी रांगेला सांगत होते, "आत चालू आहे. शांतता ठेवा. जात निघतेय."

आणि निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नास लाखांवर अक्षरं माझ्यासमोर होती. फाशीच्या जंतूकडे मुख्य डीएनएखेरीज डीएनएचीच दोन छोटी, जादा कडी असतात. एकात विषाची कृती, दुसऱ्यात अंगावर पांघरूण घ्यायची कृती, म्हणजे शरीराच्या रखवालदारांना तो ओळखू येत नाही. या नमुन्यात दोन्ही कडी नव्हती. तेवढ्यानं माझं समाधान होईना, कारण कडी गळूनही पडू शकतात. मग मुख्य अक्षरं लावली. फाशीचे जंतू जगभरातून कुठूनही आणा, एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. हा त्यांच्यात बसत नव्हता. हा मातीतला, शिळ्या भाताचा. मेलेल्या मेंढीच्या रक्तात तो बाहेरच्या मातीतून आलेला. त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला, की मेंढ्यांच्या पोटात कोवळ्या ज्वारीचं विष सापडलंय. ते कोंबच त्यांना भोवले होते.

मी टेबलावर हात आपटला. इतका आनंद मला पीएच.डी.च्या वेळी झाला नव्हता.

अहवाल मी इंग्रजीत केला आणि गावासाठी एक मराठी प्रत केली. इथं माझा प्रामाणिकपणा नडला. मी लिहिलं, 'सदर जंतू फाशीच्या जंतूचा अत्यंत जवळचा नातलग असून तो स्वतः फाशीचा जंतू नाही.' शास्त्राच्या दृष्टीनं यात एक काना इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

दोन दिवसांनी मेंढपाळ परत दारात. या वेळी वॉचमननं त्याला खुर्ची दिली.

"काय झालं? पाणी सुरू झालं?"

"न्हाय." त्यानं कागद पुढे केला. "भावकीतला हाय म्हनत्यात."

त्याच दुपारी मी स्कूटरवर त्या गावी गेले. का गेले हे तेव्हा मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझ्या अहवालाचा चुकीचा अर्थ लावला म्हणून. ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली दहा-पंधरा माणसं जमली. चहा आला. सगळ्यांनाच कागदी कप आहेत, हे मी आधी बघून घेतलं. सवय आहे.

एका म्हाताऱ्यानं कप तोंडाला लावता लावता विचारलं, "मॅडम कुनापैकी म्हनायच्या?"

"सायन्स फॅकल्टीपैकी," मी म्हटलं.

तो समाधानानं मान हलवून म्हणाला, "असं असं. आमच्यात न्हाय त्ये."

सरपंच समजूतदार माणूस होते. माझा कागद त्यांनी मोठ्यानं वाचला आणि 'नातलग'पाशी बोट ठेवलं. "मॅडम, तुमीच लिवलंय की."

"नातलग म्हणजे तोच नव्हे," मी म्हटलं.

"पर नातलग कसला?" म्हातारा म्हणाला. "सोयरा का भावकी?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण वीस वर्षांच्या नोकरीनं माझी जीभ सरळ करून टाकली आहे. मी म्हटलं, "एकाच मुळापासून निघालेत. म्हणजे तसं म्हटलं तर... भावकी."

"झालं!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "सोयरा आसता तर चाललं आसतं. भावकी लई वंगाळ."

"आवो पर चुलतभाव चोर आसला म्हनून मी चोर व्हतो का?" एक तरणा गडी मध्ये पडला.

"व्हय!" मागून कुणीतरी ओरडलं. तो चुलतभाऊ होता. पुढची वीस मिनिटं त्या दोघांच्या बांधाचा विषय चालला. मध्ये कुणीतरी नकाशा आणायला घरी गेलं. मेंढपाळ खांबाजवळ उभा होता, एकदा माझ्याकडे बघत, एकदा उन्हाकडे.

मग मी उभी राहिले आणि आवाज चढवला. म्हटलं, फाशीच्या जंतूपाशी दोन गोष्टी असतात, एक विष आणि एक घोंगडी. घोंगडी पांघरली की रखवालदाराला दिसत नाही, विष घातलं की जनावर मरतं. याच्याकडे विष नाही, घोंगडी नाही. हा आपल्या मातीतला साधा गडी आहे, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या परड्यात आहे, चपलेला लागून घरात येतो.

"उद्या त्यानं भावाकडनं घोंगडी मागून घेतली तर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

 इतका चांगला प्रश्न माझ्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. जंतू खरंच असं करतात, क्वचित. मी म्हटलं, "बाबा, त्या भीतीनं पाणी बंद करायचं, तर या गावात कुणालाच पाणी मिळायचं नाही. भावाकडून कोण काय मागून घेईल, कुणी सांगावं?"

यावर मात्र सगळे हसले. चुलतभाऊ हसला नाही.

सरपंच म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतंय. पर ह्या कागदानं गाव ऐकायचं न्हाय. ते नातलग-बितलग ऱ्हाऊं द्या. तुमी सरळ एका वळीत लिवून द्या, ह्याची जात काय. आन् गोल शिक्का मारा."

मला वाटलं उठून निघून जावं. मी आयुष्यभर ज्या शब्दाला तोंडावर दार लावत आले, त्याच शब्दाची चिठ्ठी लिहून द्या म्हणून ही माणसं मला सांगत होती. आणि ती चिठ्ठी मिळाली की एका बाईला पाणी मिळणार होतं. संताप आला, आणि हसूही आलं. मी पर्समधून लेटरहेड काढलं. शिक्का आणि पॅड हेडक्लार्कनी निघताना माझ्या हातात दिलेच होते. "असू द्या मॅडम, लागतो," ते म्हणाले होते.

मी लिहिलं: 'सदर जंतूची जात तपासली असता तो फाशीच्या जातीचा नाही.' शिक्का मारला. 'जात निश्चिती प्रयोगशाळा', गोल, निळा, ठसठशीत. सरपंचांनी तो वाचला आणि त्यांचा चेहराच बदलला. कागद हातोहात फिरला. प्रत्येकानं शिक्क्यावरून अंगठा फिरवून बघितला.

"पान्याचं बी लिवा," म्हातारा म्हणाला. "न्हायतर परत वाद."

मी कागद परत घेतला आणि खाली एक ओळ वाढवली: 'पाण्यावर येण्यास हरकत नाही.' असं लिहिण्याचा मला कुणी कधी अधिकार दिलेला नव्हता. कुणालाच कुणी दिलेला नव्हता, हे मला लिहून झाल्यावर सुचलं.

मेंढरं हौदावर आली तेव्हा मी तिथंच होते. साठ तोंडं एकदम पाण्यात. मेंढपाळाची बायको कळशी घेऊन लांबच थांबली होती. तिचं बोलणं सगळं कानडीत. मी हात करून म्हटलं, "या ना, हौद! हौद!" तिनं जोरजोरात मान हलवली आणि म्हणाली, "हौद, हौद." पण जागची हलेना. मी परत ओरडले, "अहो, हौद!" ती परत म्हणाली, "हौद." शेवटी मेंढपाळ हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मॅडम, कानडीत 'हो'ला हौद म्हनत्यात. ती तुमाला हो म्हनाय लागलीय."

मग त्यानं तिला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती आली. तिनं हापशाखाली कळशी ठेवली, आणि ठेवून दोन पावलं मागे सरली. पाइप धरणारं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं तिच्या ते लक्षात आलं, तेव्हा ती पुढे झाली आणि तिनं स्वतः दांडा धरला.

घरी आले तेव्हा अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, सायन्स फॅकल्टीचं सांगितलं, चुलतभावाचं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग कागदाची प्रत बघू म्हणाले. माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता. त्यांनी चष्मा लावला. 'जात तपासली असता'पाशी परत हसले. शेवटच्या ओळीपाशी थांबले. 

"ही ओळ तू लिहिलीस?"

"हो."

"तुला अधिकार आहे?"

"नाही."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा काढून पुसला. "असा एक माझ्या आईच्या नावानं करून दे," ते म्हणाले. "शिक्का ठळक मार. तिला वाचता येत नव्हतं. शिक्का तरी दिसेल."

मला वाटलं ते गंमत करतायत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंमत करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन फ्लेक्स आला. 'सूक्ष्मजीव ओळख केंद्र', बाई नाही, गुलाब नाही. हेडक्लार्क शिक्का जमा करून घ्यायला आले. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. लेटरहेड घेतलं. वर आजीचं नाव लिहिलं. 'जात'च्या पुढे काही न लिहिता रेघ ओढली. खाली लिहिलं, पाण्यावर येण्यास हरकत नाही. हेडक्लार्कनी ते वाचलं आणि पॅडवर शाईचे चार थेंब टाकले. पहिला शिक्का पुसट उठला, म्हणून मी त्याच्या शेजारी दुसरा मारला.